फादर, आमची मिस्सा खरी आहे ना?

वाचकांचे प्रश्न, फादरांची उत्तरे

या महिन्याच्या टपालात मिस्साविषयी, म्हणजे आपल्या देवळातल्या भाकर-द्राक्षारसाच्या मुख्य उपासनेविषयी, बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण ते लिहिणाऱ्या आईला उत्तराची घाई आहे.

प्रश्न : आदरणीय फादर, माझा धाकटा मुलगा सात वर्षांपासून कॅनडात असतो. तिथं तो जुन्या लॅटिन मिस्साला जातो. या नाताळात घरी आला. मध्यरात्रीच्या मिस्साला आमच्याबरोबर आला खरा, पण शेवटच्या बाकामागे उभा राहिला आणि ख्रिस्तशरीर घ्यायला पुढं आलाच नाही. घरी म्हणाला, "मम्मी, १९६९ नंतरची मिस्सा ही मिस्साच नव्हे. शब्द बदलले, बलिदान काढून टाकलं, प्रोटेस्टंटांना रुचेल असं करून ठेवलं." माझ्या लग्नाची मिस्सा मराठीत झाली. यजमानांच्या अंत्यविधीचीही मराठीत झाली. मग मी इतकी वर्षं जिभेवर जे घेतलं ते काय होतं? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. (एक आई, वसई तालुका)

उत्तर : ताई, आधी तुमच्या झोपेचं बोलू. तुम्ही घेतलं ते ख्रिस्ताचं शरीर होतं. यजमानांसाठी वेदीवर अर्पण झालं ते ख्रिस्ताचंच बलिदान होतं. यात 'पण' नाही, 'परंतु' नाही. आता कारणं सांगतो. मुलालाही वाचून दाखवा, फक्त भांडणाच्या सुरात नको.

मिस्सा वैध होण्यासाठी काय लागतं? रीतसर दीक्षा झालेला धर्मगुरू, गव्हाची भाकर आणि द्राक्षारस, ख्रिस्ताचे शब्द, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू. भाषा या यादीत नाही. धर्मगुरूचं तोंड लोकांकडे की वेदीकडे, हेही नाही. धर्मगुरू किती पुण्यवान आहे, हेसुद्धा नाही. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या दोनातिस्त नावाच्या फुटीर पंथाशी याच मुद्द्यावर वाद घातला होता: संस्कार देणारा माणूस डागाळलेला असला तरी संस्कार ख्रिस्ताचा असतो.

आता तुमच्या मुलाचे मुद्दे. 'शब्द बदलले' हे तो खोटं बोलत नाही. जुन्या मिस्सामध्ये चषकावरच्या शब्दांच्या मध्येच 'मिस्तेरियुम फिदेई', म्हणजे 'श्रद्धेचं रहस्य', असं येत असे. पोप सहावे पॉल यांच्या १९६९ च्या नव्या मिस्साग्रंथात ते तिथून काढून शब्द पूर्ण झाल्यावर ठेवलं, आणि त्यावर लोक उत्तर देऊ लागले. काहींचं म्हणणं असं की एवढ्यानं चषकाचे शब्द अपुरे राहिले. मी त्यांना पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांकडे बघायला सांगतो. त्यांच्या मूळ प्रार्थनांमध्ये चषकाच्या शब्दांत हे दोन शब्द नव्हते, आणि त्यांची मिस्सा अवैध आहे असं रोमनं एकदाही म्हटलेलं नाही. लांब कशाला, कल्याणला पूर्वेकडच्या परंपरेतल्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा महाधर्मप्रांत आहे, तिथल्या केरळी शेजाऱ्यांना विचारा.

दुसरा बदल मात्र जास्त बोचला, आणि तो भाषांतराचा होता. लॅटिनमध्ये 'प्रो मुल्तीस' आहे, म्हणजे 'पुष्कळांसाठी'. १९७३ च्या इंग्रजी मिस्सामध्ये त्याचं 'सर्वांसाठी' झालं. तीस-पस्तीस वर्षं लोक तक्रार करत राहिले. २००६ मध्ये कार्डिनल अरिन्झे यांनी रोमहून जगभरच्या बिशपांच्या परिषदांना पत्र पाठवलं: भाषांतर मुळाला धरून 'पुष्कळांसाठी' असं करा. २०११ च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळापासून, इंग्रजी मिस्सामध्ये तसं झालं. पण त्याच पत्रात त्यांनी हेही स्पष्ट लिहिलं होतं की 'सर्वांसाठी' म्हणून अर्पण झालेल्या मिस्सा निःसंशय वैध आहेत. तक्रार रास्त होती, दुरुस्ती झाली आणि मिस्सा आधीही खरीच होती. या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात मावल्या.

आणि शब्दांच्या बाबतीत रोम ढिलं आहे असं कुणी समजू नये. २०२० मध्ये बाप्तिस्म्याचा प्रश्न आला. काही ठिकाणी 'मी तुला बाप्तिस्मा देतो' याऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हटलं जात होतं. उत्तर आलं: बाप्तिस्मा झालाच नाही, पुन्हा द्या. एका सर्वनामावर जी ख्रिस्तसभा इतकी ठाम राहते, ती मिस्साच्या शब्दांवर पन्नास वर्षं डोळेझाक करील का?

'बलिदान काढून टाकलं', हा तिसरा मुद्दा. यासाठी मला माझ्या लहानपणात जावं लागेल.

मी नऊ वर्षांचा असताना वेदीसेवक झालो. मिस्सा लॅटिनमध्ये. आमच्या शाळेतल्या मास्तरांनी सगळी उत्तरं देवनागरीत लिहून दिली होती, रेघांच्या वहीत, शाईच्या टाकानं. आम्ही पाढ्यांसारखी घोकायचो. सगळ्यांत अवघड ओळ ही: 'सुशिपियात दोमिनुस साक्रिफिचियुम दे मानिबुस तुईस'. तिथं प्रत्येक जण अडखळायचा, आणि मग वेदीच्या पायरीवर गुडघ्यांत कळ येईपर्यंत आम्ही ती ओळ पुटपुटत राहायचो. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. तो मला सेमिनरीत, विशी ओलांडल्यावर कळला: 'प्रभू तुमच्या हातून हे बलिदान स्वीकारो.'

ताई, हीच ओळ आजच्या मिस्सामध्येही आहे. धर्मगुरू म्हणतात, माझं आणि तुमचं बलिदान सर्वसमर्थ पित्याला मान्य व्हावं म्हणून प्रार्थना करा, आणि तुम्ही सगळे उभं राहून हेच उत्तर देता. जुन्या मिस्सामध्ये ते आम्हा दोन पोरांच्या तोंडी होतं, नव्या मिस्सामध्ये ते अख्ख्या देवळाच्या तोंडी आलं. बलिदान हा शब्द काढायचा असता तर सगळ्यांत आधी ही ओळ गेली असती. पूर्वीची एकमेव मोठी प्रार्थना, जिला रोमन कॅनन म्हणतात, तीही नव्या ग्रंथात पहिल्या क्रमांकावर आहे. मी मोठ्या सणांना तीच घेतो. लांब आहे म्हणून बरेच धर्मगुरू ती टाळतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि प्रोटेस्टंट? मिस्साची सुधारणा करणाऱ्या रोमच्या मंडळाच्या बैठकांना सहा प्रोटेस्टंट निरीक्षक येत होते, हे खरं आहे. निरीक्षक म्हणून येत होते. मिस्साग्रंथाला मंजुरी दिली पोप सहावे पॉल यांनी, ३ एप्रिल १९६९ रोजी, आणि तो त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, लागू झाला.

तरीही तुमच्या मुलाला वेड्यात काढू नका. हीच शंका त्या वर्षी दोन कार्डिनलांनी पोपमहोदयांपुढे मांडली होती. ओत्ताव्हियानी आणि बाच्ची. ओत्ताव्हियानी हे श्रद्धेच्या रक्षणाचं रोममधलं कार्यालय वर्षानुवर्षं सांभाळलेले गृहस्थ. सप्टेंबर १९६९ च्या त्यांच्या पत्राबरोबरच्या टिपणात मिस्साची ओळख करून देणाऱ्या सातव्या कलमावर बोट ठेवलं होतं: यात 'प्रभूचं भोजन' दिसतं, बलिदान पुरेसं दिसत नाही. १९७० मध्ये ग्रंथ छापून आला तेव्हा ते कलम बदललेलं होतं, आणि आरंभी एक नवी प्रस्तावना घालून बलिदानाची शिकवण सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेशी जोडून दाखवली होती. म्हणजे त्यांचं म्हणणं वाया गेलं नाही.

आर्चबिशप मार्सेल लफेव्हर यांचं नाव तुमच्या मुलाला नक्की माहीत असेल. जुन्या मिस्सासाठी त्यांनी रोमशी उभं आयुष्य झगडा मांडला, आणि १९८८ च्या जूनमध्ये पोपांच्या परवानगीशिवाय चार बिशपांना दीक्षा दिली. पण त्याच वर्षीच्या ५ मे रोजी रोमबरोबरच्या ज्या मसुद्यावर त्यांनी सही केली, त्यात योग्य हेतूनं आणि अधिकृत ग्रंथाप्रमाणे अर्पण केलेली नवी मिस्सा वैध आहे असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो करार मोडला, पण तो वैधतेवरून मोडला नव्हता. नवी मिस्सा श्रद्धेला अपायकारक आहे असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मला ते पटत नाही. पण 'अपायकारक' आणि 'झालीच नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तुमच्या मुलानं ते अंतर ओलांडलं आहे.

का ओलांडलं असेल? माझा अंदाज सांगतो. त्याला जे दुखतंय ते आदराचं दुखणं आहे. कुठंतरी त्यानं घाईची, गोंगाटाची मिस्सा पाहिली, आणि मग एका लहानशा चर्चमध्ये शांतता सापडली. 'माझं मन इथं लागतं' एवढं म्हटलं तर कुणी ऐकत नाही, म्हणून माणूस 'तुमचं खोटं आहे' असं म्हणू लागतो. अशी चार-पाच मुलं माझ्याकडे येऊन गेली आहेत. एकही उथळ नव्हता.

ज्या पोपांनी मिस्सा बदलली त्यांनाही हे दुःख होतं. २६ नोव्हेंबर १९६९ रोजी, नवी मिस्सा लागू व्हायला चार दिवस असताना, सहावे पॉल लोकांसमोर म्हणाले होते की आपण ख्रिस्ती शतकांच्या भाषेचा निरोप घेतो आहोत, ग्रेगोरियन गायनाचा मोठा ठेवा आपण गमावू, खेद वाटायला कारण आहे. आणि तरीही, ते म्हणाले, लोकांना प्रार्थना समजणं अधिक मोलाचं आहे.

माझ्या घरात दोन्ही बाजू एकाच बाकावर बसत. आई लॅटिन मिस्साभर रोझरी करायची, कारण दुसरं करणार काय? मराठी मिस्सा सुरू झाली तसे तिचे मणी मांडीवरच राहू लागले. घरी आल्यावर चुलीशी बसून ती शुभवर्तमानातली गोष्ट मला पुन्हा सांगायची, जणू मी तिथं नव्हतोच. आजोबा मात्र मरेपर्यंत प्रत्येक मराठी उत्तराबरोबर ओठांतल्या ओठांत लॅटिन म्हणत राहिले. दोघांनी एकमेकांना कधी टोकलं नाही.

पुढच्या वेळी मुलगा आला की त्याला म्हणा, तुझा तो जुना मिस्साग्रंथ काढ, मराठीचा मी आणते, शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचू. 'सुशिपियात'पाशी थांबा. आणि त्याच्याकडे कॅनडाला गेलात तर त्याच्याबरोबर मिस्साला जा. तिथला धर्मगुरू बिशपांच्या परवानगीनं मिस्सा करतो ना, एवढं मात्र त्याला विचारून घ्या.

प्रश्न : फादर, मिस्सा वैध आहे हे मान्य, पण आदराचं काय? परवा एका लग्नात पावन विधी चालू असताना व्हिडिओवाला वेदीच्या पायऱ्या चढला आणि चषक उंचावल्यावर दिवा थेट फादरांच्या तोंडावर मारला. कीबोर्डवर सिनेमाच्या चाली. फादर मधूनच पदरची वाक्यं घालत होते. तक्रार केली की आम्हालाच 'जुन्या वळणाचे' म्हणतात. (निवृत्त शिक्षक, उत्तन परिसर)

उत्तर : सर, तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे, आणि तिला रोमचा आधारही आहे. २००४ मध्ये 'रेदेम्प्तियोनिस साक्रामेन्तुम' नावाचा आदेश निघाला. त्यात धर्मगुरूंनी मनानं शब्द बदलू नयेत असं बजावलं आहे, आणि उपासनेत गैरप्रकार दिसला तर बिशपांकडे, थेट रोमकडेही, तक्रार करण्याचा हक्क प्रत्येक कॅथलिकाला आहे असं लिहिलं आहे. आधी त्या फादरांशी एकट्यात बोला. मग प्रमुख धर्मगुरूंशी. मग बिशपांना सभ्य भाषेत, तारीख-वार घालून लिहा. व्हिडिओवाल्याचं तर लग्नाची नोंदणी करतानाच ठरवता येतं: त्यानं कुठं उभं राहायचं ते दाखवा, पायऱ्या चढायच्या नाहीत हे सांगा.

आणि एक माझ्याच पदरची गोष्ट. दीक्षा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका रविवारी मला चार मिस्सा होत्या, सकाळची पहिली मी सतरा मिनिटांत उरकली. नंतर एक म्हातारी आत आली, लाल लुगड्यातली. म्हणाली, "फादर, तुम्ही जेवता तरी सावकाश का?" मी त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. ती मिस्सा वैध होती. पण त्या बाईला मी जे द्यायचं होतं ते दिलं नाही, हे आजही आठवतं.

आदर कसा दिसतो ते मी एका म्हाताऱ्या गोवेकर फादरांच्या बोटांत पाहिलं. जुन्या पद्धतीत भाकर पावन झाल्यावर धर्मगुरू अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवून ठेवत, बोटं धुवून होईपर्यंत, म्हणजे ख्रिस्तशरीराचा कणसुद्धा सांडू नये. ते फादर ग्रंथाचं पान उलटायचे तेही उरलेल्या तीन बोटांनी. हात संधिवातानं थरथरायचे, पण चिमूट सुटायची नाही. मी पायरीवरून बघत राहायचो. कुठलंही प्रवचन मला तितकं शिकवून गेलं नाही. नव्या मिस्सामध्ये तसा नियम राहिला नाही, पण मनाईही नाही. मी अजून तसंच करतो.

हातावर की जिभेवर, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत. दोन्ही चालतं. चौथ्या शतकात जेरुसलेमचे संत सिरिल नव्या ख्रिस्ती लोकांना शिकवत: राजा येणार आहे, डाव्या हाताचं सिंहासन करून उजव्या हाताखाली धरा, आणि एकही कण सांडू देऊ नका. कोविडच्या काळात बहुतेक ठिकाणी हातावरच देत होते. पण जिभेवर घेण्याचा तुमचा हक्क कायम आहे, तो कुणी नाकारू नये.

प्रश्न : आमच्या तरुणांच्या गटात वाद झाला. मिस्सामध्ये आरती ओवाळणं, समई लावणं, चपला काढून जमिनीवर बसणं ही भेसळ आहे का? यानं मिस्सा बिघडते का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : बाळ, बिघडत नाही. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमनं भारतासाठी बारा मुद्दे मंजूर केले. पादत्राणं काढणं, जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे, फुलं-धूप-दीप यांची आरती, हे सगळं त्यात आहे. त्यावर मुंबईतही कॅथलिकांनी कडाडून आक्षेप घेतले होते, तेव्हा तुमचा वाद नवा नाही. त्याआधी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि मला दूरवर एक पांढरा ठिपका दिसला, एवढीच माझी आठवण. पण त्याच मुक्कामात त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर 'असतो मा सद्गमय' ही प्रार्थना उद्धृत केली होती, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

माझं मत विचारशील तर, आरती मनापासून असेल तर तिच्यासारखी आदराची रीत नाही. आपल्या हातांना ती आईच्या घरात ठाऊक झालेली असते. मात्र मंजूर रीतीपुढं जाऊन मनाला येईल ते घालायचं, हे मला चालत नाही. गिटारवाल्याला जो नियम, तोच समईवाल्याला. आणि ज्यांना आरती रुचत नाही त्यांना 'इंग्रजाळलेले' म्हणून हिणवायचं नाही. केरळमध्ये एर्नाकुलमला धर्मगुरूंनी कुणाकडे तोंड करावं यावरून वाद इतका चिघळला की कॅथेड्रलला कुलूप लागलं. तिथंही मिस्सा वैध आहे की नाही हा प्रश्न कुणाचाच नव्हता.

प्रश्न : फादर, माझे आजोबा एक्याण्णव वर्षांचे आहेत. अंथरुणावरच असतात. सगळं विसरलेत, पण मधूनच लॅटिन बोलतात. लॅटिन मिस्साला आता बंदी आहे असं ऐकलं, खरं का? त्यांच्यासाठी मी काय करू? (अंधेरीहून एक तरुण)

उत्तर : सरसकट बंदी नाही. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जुनी मिस्सा सगळ्या धर्मगुरूंना मोकळी केली होती. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली, कारण तिच्या नावानं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेलाच, म्हणजे मिस्साच्या सुधारणेचा पाया घालणाऱ्या बिशपांच्या सभेलाच, नाकारलं जातंय असं त्यांना दिसलं. २०२५ च्या ऑक्टोबरात, पोप लिओ यांच्या काळात, कार्डिनल बर्क यांनी सेंट पीटर्स बॅसिलिकात ती अर्पण केली. शिवाय नवी मिस्साही लॅटिनमध्ये करता येते. त्याच व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्येच लिहून ठेवलं आहे की लोकांना आपापल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही म्हणता यावेत.

पण आजोबांना देवळात नेणं जमायचं नाही. तुमच्या धर्मग्रामातल्या फादरांना सांगून ख्रिस्तशरीर घरी आणवा. त्याआधी उशाशी बसा आणि हे वाचा. माझ्या मास्तरांनी लिहून दिलं होतं तसंच देतो:

'पातेर नोस्तेर, क्वी एस इन चेलिस, सांक्तिफिचेतुर नोमेन तुउम. आद्व्हेनियात रेग्नुम तुउम.'

इथवर वाचून थांबा. पुढचं 'फियात व्होलुन्तास तुआ' ते स्वतः म्हणतील, असं मला वाटतं. म्हणाले तर मला कळवा.